लाइपझिगची घड्याळे आणि आपली मानके : वाचकांचे प्रश्न

मानसशास्त्राच्या इतिहासावरच्या लेखानंतर बरीच पत्रे आली. काहींना इतिहास हवा आहे, काहींना घरी किंवा कॉलेजात करता येतील असे प्रयोग हवे आहेत. निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत.

मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा म्हणून ‘१८७९, लाइपझिग, वुंट’ एवढे आम्ही पाठ करतो. पण त्या वर्षी तिथे नेमके काय घडले? उद्घाटन झाले होते का?
– बी.ए.ची विद्यार्थिनी, वाई

उद्घाटन नाही, फीत नाही, भाषणही नाही. विल्हेल्म वुंट १८७५ साली लाइपझिग विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आले. उपकरणे ठेवायला त्यांना एक खोली मिळाली होती. १८७९ च्या हिवाळ्यात माक्स फ्रीडरिश या विद्यार्थ्याने त्या खोलीत डॉक्टरेटसाठी प्रयोग सुरू केले, म्हणून ते साल धरायचे. संस्था म्हणून विद्यापीठाने प्रयोगशाळेला अधिकृत जागा दिली ती १८८३ साली. नुसती प्रात्यक्षिकांची खोली म्हणाल तर विल्यम जेम्स यांच्याकडे हार्वर्डला १८७५ पासूनच होती.

मोजमापही वुंटच्या आधीचे. १८५० च्या सुमारास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश सेकंदाला साधारण २७ मीटर वेगाने जाते हे दाखवले. तोवर हा वेग मोजण्यापलीकडचा मानला जात होता. लाइपझिगच्याच वेबरने वजने उचलायला लावून पाहिले. हातातल्या ४०० ग्रॅममध्ये दहा ग्रॅमची भर कळते, पण ८०० ग्रॅम असतील तर दहा कळत नाहीत, वीस लागतात. म्हणजे फरक नव्हे, प्रमाण कळते : सुमारे चाळिसावा हिस्सा. फेखनरने त्यावरून गणित मांडले आणि १८६० साली ग्रंथ काढला.

मग मान वुंटलाच का? कारण त्याच्या खोलीतून पदव्या बाहेर पडल्या. प्रयोग करा, प्रबंध लिहा, १८८१ पासून निघालेल्या त्याच्या नियतकालिकात छापा आणि आपल्या गावी जाऊन तशीच खोली थाटा, असा तो क्रम होता. अमेरिकेचे कॅटेल व टिचनर, रशियाचे बेख्तेरेव्ह, इंग्लंडचे स्पिअरमन हे सगळे तिथे शिकून गेले. चीनचे त्साय युआनपेई वुंटची व्याख्याने ऐकून परतले. पुढे ते पेकिंग विद्यापीठाचे कुलगुरू असताना, १९१७ साली, तिथे प्रयोगशाळा निघाली.

त्या खोलीतले सगळ्यात महत्त्वाचे यंत्र म्हणजे हिपचा क्रोनोस्कोप. वजनावर चालणारे घड्याळ, दोन तबकड्या. वरचा काटा सेकंदात दहा फेरे मारतो आणि त्याच्या तबकडीवर शंभर खुणा, म्हणजे एक खूण सेकंदाचा हजारावा भाग. काटा सतत फिरत नाही. विजेचा प्रवाह सुरू झाला की चुंबक त्याला चाकांशी जोडतो, तुटला की सोडतो. दुखणेही तिथेच. बॅटरी उतरली की चुंबक कमी ओढतो, काटा उशिरा जोडला जातो आणि सगळे आकडे एकाच दिशेने सरकतात. म्हणून ठरलेल्या उंचीवरून हातोडा पाडायचा, त्याला लागणारा वेळ आधीच माहीत असतो, आणि त्यावरून घड्याळ तपासून घ्यायचे. बैठकीआधी ही तपासणी टाळली तर आकडे हजाराव्या भागापर्यंत दिसायला अचूक, पण चूक.

प्रतिक्रियाकालाचा (दिसल्यापासून हालचाल होईपर्यंतच्या वेळेचा) प्रयोग यंत्राशिवाय कॉलेजात करता येईल का?
– कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, सांगोला

येतो, तीस सेंटिमीटरच्या पट्टीवर. आधी हा प्रश्न आला कुठून ते सांगतो. १७९६ साली ग्रीनिचच्या वेधशाळेत मास्केलाइनने आपल्या किनब्रुक नावाच्या सहायकाला काढून टाकले. घड्याळाचे ठोके ऐकत आकाशातला तारा दुर्बिणीतल्या बारीक उभ्या धाग्यावरून गेल्याची वेळ नोंदवायची असे. त्यात त्याची नोंद साहेबांपेक्षा ०.८ सेकंदाने मागे पडायची. पुढे क्योनिग्जबर्गच्या बेसेलने इतर खगोलशास्त्रज्ञांशी आपली तुलना केली, तेव्हा प्रत्येकाचाच असा एक ठरावीक फरक निघाला. किनब्रुक बिचारा हकनाक गेला.

आता कृती. प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याने, कोपर टेबलावर टेकून अंगठा आणि तर्जनी टेबलाच्या कडेबाहेर ठेवावी, बोटांत दोन सेंटिमीटरचे अंतर. प्रयोगकर्त्याने पट्टी वरून धरून शून्याची खूण अंगठ्याच्या वरच्या कडेशी आणावी. ‘तयार’ म्हणावे आणि मग सोडावी. पकडली तिथला, अंगठ्याच्या वरच्या कडेचा आकडा घ्यावा. सेंटिमीटरचे मीटर करा, त्याची दुप्पट करा, ९.८ ने भागा, वर्गमूळ काढा. १० सेंमीला ०.१४ सेकंद, १५ ला ०.१७, २० ला ०.२०, ३० ला ०.२५.

पाच प्रयत्न सरावाचे, ते मोजायचे नाहीत. मग वीस प्रयत्न करून मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या. सरासरी घेऊ नका, कारण एखादा सुटलेला झेल ती बिघडवतो.

बिघडते ते बहुतेक दोन ठिकाणी. एक, ‘तयार’ आणि सोडणे यांत दर वेळी तेवढेच अंतर राहिले तर प्रयुक्त पट्टी बघत नाही, ताल धरतो, आणि ५-६ सेंमीवर झेल येऊ लागतात. म्हणून एक ते चार सेकंदांचे अंतर चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवा. ५ सेंमीचा झेल म्हणजे ०.१० सेकंद. एवढ्या वेळात पाहून पकडणे माणसाला जमत नाही, तो अंदाज होता, तो प्रयत्न रद्द. दोन, हात पट्टीमागे खाली जातो. टेकलेले कोपर याचसाठी. पट्टी सोडताना तुमचीही बोटे आधी थरथरतात. प्रयुक्ताला तुमची बोटे नव्हे, पट्टीचे खालचे टोक बघायला सांगा.

यापुढे खरी गंमत. डोंडर्स या डच शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये ‘वजाबाकी’ सुचवली. उजव्या की डाव्या पायाला विजेचा झटका येणार हे आधी माहीत असताना लागणारा वेळ आणि माहीत नसताना लागणारा वेळ, यांतला फरक त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग मिळाला. हा निवड करण्याचा वेळ, असे त्याचे म्हणणे. तुम्ही दोन पट्ट्या घ्या, प्रयुक्ताचे दोन हात तयार ठेवा आणि कोणतीही एक सोडा. ज्या हाताची पडली त्यानेच पकडायची. दुसरा हात मिटला तर चूक म्हणून नोंदवा. या मध्यकातून साधा मध्यक वजा करा. वेळ जास्त लागतो आणि छोटी पट्टी बोटांतून पूर्ण निसटते, म्हणून इथे ५० सेंमीची पट्टी बरी.

मुलांना वजाबाकी शिकवाल तेव्हा तिच्यावरचा आक्षेपही सांगा. निवडीची पायरी मध्ये घातली तरी बाकीच्या पायऱ्या होत्या तशाच राहतात, हे त्यात गृहीत धरलेले आहे. क्युल्पे या वुंटच्याच विद्यार्थ्याने हे नाकारले : काम बदलले की सगळी तयारीच बदलते.

‘माणूस २४ तासांत ७० टक्के विसरतो’ असे फॉरवर्ड फिरते. खरे आहे का?
– गृहिणी, डोंबिवली

आकडा हर्मान एबिंगहाउसच्या १८८५ च्या पुस्तकातून आला आहे, अर्थ मात्र वाटेत हरवला. त्याने मोजली ती बचत. निरर्थक अक्षरसंचांची यादी पहिल्यांदा पाठ करायला समजा १००० सेकंद लागले, दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा बिनचूक व्हायला ६६० लागले, तर बचत ३४ टक्के. एका दिवसानंतर त्याला साधारण एवढीच मिळाली. वीस मिनिटांनी ५८ टक्के, महिन्याने २१ टक्के. दिवसाच्या मानाने महिन्यात घसरण किती थोडी, हे खरे तर त्यातले लक्षणीय. प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त दोघेही तो स्वतःच, आणि सामग्री २३०० निरर्थक संच. तुमच्या मुलाचा इतिहासाचा धडा किंवा पाठ असलेला हरिपाठ या नियमाने विसरला जात नाही.

मानसशास्त्र ‘आंतरराष्ट्रीय’ कधी झाले म्हणायचे? आणि भारतात ते कोणी आणले?
– निवृत्त प्राध्यापक, मडगाव

पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८८९ साली पॅरिसला झाली. आयफेल टॉवरचे ते प्रदर्शन चालू होते, त्याच वर्षी. तिचे नाव ‘शरीरक्रियात्मक मानसशास्त्राची’ परिषद. १८९२ ला लंडनमध्ये ती ‘प्रायोगिक’ झाली आणि १८९६ ला म्युनिकमध्ये नुसती ‘मानसशास्त्राची’. ही नावांची अदलाबदल सहज नव्हती. पॅरिसमध्ये संमोहनाने बराच वेळ खाल्ला, शिवाय भासांची शिरगणती करायचे ठरले. प्रयोगशाळावाल्यांना हे आपल्या शास्त्रात नको होते, इतरांना हवे होते. कोण आत आणि कोण बाहेर हे परिषदेच्या पाटीवरून ठरत होते.

पुढे राजकारण आडवे आले. पहिल्या महायुद्धाने खंड पडला आणि १९२३ ला ऑक्सफर्डमध्ये पुन्हा सुरुवात झाली. १९३६ ची परिषद माद्रिदला व्हायची होती, पण यादवी युद्ध पेटले, म्हणून १९३७ मध्ये पॅरिसला. नंतर थेट १९४८, एडिंबरो. देशोदेशींच्या संघटनांचा कायमचा संघ १९५१ साली स्टॉकहोमला स्थापन झाला. आशियात परिषद यायला १९७२ उजाडले, टोकियो. तारीख एकच हवी असेल तर आम्ही १९५१ म्हणू. त्याआधी माणसे आंतरराष्ट्रीय होती, पण संस्था नव्हती.

भारतात पहिला विभाग कोलकात्याला, १९१५-१६ मध्ये. प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता. ते हार्वर्डला म्युन्स्टरबर्गकडे शिकलेले आणि म्युन्स्टरबर्ग वुंटचा विद्यार्थी. म्हैसूरचा विभाग १९२४ साली एम. व्ही. गोपालस्वामींनी उभारला. ते लंडनला स्पिअरमनकडे शिकले आणि स्पिअरमनची डॉक्टरेट लाइपझिगची. दोन्ही वाटा फिरून त्याच खोलीशी जातात. (याच गोपालस्वामींनी १९३५ मध्ये म्हैसूरला स्वतःचे रेडिओ केंद्र काढले आणि त्याला नाव दिले ‘आकाशवाणी’.) कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोसांची वाट वेगळी. त्यांनी १९२२ साली मनोविश्लेषणाची संस्था काढली, फ्रॉइडशी पत्रव्यवहार केला आणि त्यांच्याशी मतभेदही मांडले. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचा विभाग १९५० साली प्रा. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. त्याचे नावच ‘प्रायोगिक मानसशास्त्र विभाग’ होते, यावरून ओढ कुठली ते दिसते.

मुलाची बिने-कामत चाचणी केली. अहवालात ‘बुद्धिगुणांक ९६’ आहे. तो कसा काढतात? ही चाचणी परदेशी आहे का?
– पालक, इचलकरंजी

मूळ पॅरिसचे. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची पहिली श्रेणी केली. हेतू एवढाच, की शाळेत कोणाला जास्तीची मदत लागेल ते ओळखता यावे. ती अमेरिकेत गेली, तिथे टर्मनने १९१६ ला तिचे रूप बदलले. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तिची ‘बॉम्बे-कर्नाटक’ आवृत्ती सिद्ध केली. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली आले.

हिशेब असा. प्रत्येक वयपातळीला सहा प्रश्न, तिसऱ्यापासून दहाव्या वर्षापर्यंत प्रत्येकाला दोन महिने. ज्या पातळीचे सहाही आले ते पायाभूत वय. समजा तुमचा मुलगा ८ वर्षे ४ महिन्यांचा, म्हणजे १०० महिन्यांचा आहे. सातव्या पातळीचे सगळे आले : ८४ महिने. आठव्याचे चार आले : ८ महिने. नवव्याचे दोन : ४ महिने. दहाव्याचा एकही नाही, तिथे थांबायचे. मानसिक वय ९६ महिने. ९६ भागिले १०० गुणिले १०० म्हणजे ९६. ही सरासरीच आहे, त्यात काळजीचे काही नाही. चारपाच गुण इकडेतिकडे तर त्याच मुलाच्या दुसऱ्या चाचणीतही होतात.

दोन गोष्टी मात्र तपासा. पहिली जन्मतारीख. शाळेत नाव घालताना सोयीसाठी १ जून लावण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुजलेली होती आणि ती पूर्ण गेलेली नाही. खरे वय सहा महिन्यांनी कमी असेल तर ९६ ला ९४ ने भागायचे, आणि गुणांक १०२ होतो. चाचणी घेणाऱ्याला खरी तारीख सांगा, दाखल्यावरची नव्हे. दुसरी गोष्ट मानकांची, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करून सरासरी ठरवली त्या आकड्यांची. अनेक देशांत पिढ्यांगणिक गुण वाढत गेले, दशकाला साधारण तीन. जुन्या मानकांवर आजचे मूल आहे त्याहून वरचे दिसते. म्हणून एका आकड्यावर शाळा बदलू नका. अमेरिकेतल्या वेक्सलर यांच्या बुद्धिचाचणीच्या घाटणीची, नागपूरच्या डॉ. मलिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी केलेली चाचणी भाषिक आणि कृतीचे गुण वेगळे देते. अभ्यासात नेमके कुठे अडते ते कळायला ती जास्त उपयोगी. पण मानकांचा प्रश्न तिलाही लागू आहे.

युरोपातल्या प्रयोगाचे निष्कर्ष सगळ्या माणसांना लागू पडतात हे कोणी तपासले का?
– संशोधक विद्यार्थी, इंदूर

लवकर तपासले, आणि त्यात एक धागा आपल्याकडचा आहे. १८९८ मध्ये केंब्रिजहून हॅडन यांची मोहीम ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली. तिच्यात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स होते. त्यांनी तिथल्या लोकांना म्युलर-लायर भ्रम दाखवला : दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीला बाहेर उघडलेले. उघड्या टोकांची लांब वाटते. ‘रानटी’ माणूस जास्त फसेल अशी त्या काळची समजूत. बेटावरचे लोक इंग्रजांपेक्षा कमी फसले. मग १९०१-०२ मध्ये रिव्हर्स निलगिरीत तोडा लोकांकडे आले, तिथेही तेच. उभी रेषा आडवीपेक्षा लांब वाटण्याचा भ्रम मात्र दोन्हीकडे इंग्रजांपेक्षा जास्त निघाला. म्हणजे ‘यांची नजर तीक्ष्ण’ असे एका वाक्यात मिटवताही येत नाही.

१९६६ मध्ये सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी जगभरातल्या सुमारे १,९०० माणसांवर हेच केले. शिकागोजवळच्या इव्हन्स्टनच्या लोकांना रेषांत पाचवा हिस्सा फरक ठेवावा तेव्हा त्या सारख्या वाटत, कालाहारीतल्या सान लोकांना जवळजवळ काहीच ठेवावा लागत नसे. भिंती, चौकटी, काटकोन यांत वाढल्याने हा भ्रम येतो असा त्यांचा कयास. त्यावरचा वाद मिटलेला नाही.

करून पाहायचे तर पुठ्ठ्याच्या पाकिटावर १० सेंमीची मिटल्या बाणांची रेषा काढा आणि पाकिटातून सरकणाऱ्या पट्टीवर उघड्या टोकाची. वीस प्रयत्न : दहा लांबीकडून आत आणत, दहा आखूडाकडून बाहेर नेत. निम्म्यांत स्थिर रेषा डावीकडे, निम्म्यांत उजवीकडे. पट्टीच्या मागे सेंमीच्या खुणा ठेवा, पुढे नको. सरासरी ८.२ आली तर भ्रम १८ टक्के. सगळे प्रयत्न एकाच दिशेने घेतले, तर हात थांबायच्या सवयीची चूक भ्रमात मिसळते आणि वेगळी काढता येत नाही. रिव्हर्सच्या आकड्यांशी ताडून पाहू नका, उपकरण वेगळे आहे.

चिंतेची इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची आहे. उलट-भाषांतर (मराठीवरून पुन्हा इंग्रजी) करून घेतले, ते मूळाशी जुळले. एवढे पुरते का?
– पीएच.डी. करणारी, छत्रपती संभाजीनगर

नाही. उलट-भाषांतर जिथे हमखास फसते ती जागा मराठीत अगदी समोर आहे : ‘नर्व्हस’. इंग्रजीत तो शब्द धडधडीचा, अस्वस्थपणाचा. मराठीत ‘निकाल लागल्यापासून तो नर्व्हस आहे’ म्हणजे हिरमुसलेला, खचलेला. तुमच्या भाषांतरकाराने ‘मला नर्व्हस वाटते’ लिहिले, दुसऱ्याने ते पुन्हा ‘नर्व्हस’ केले, जुळणी शंभर टक्के. आणि चिंतेच्या मापात उदासीचे गुण जमा होत राहिले. ‘काळजी’चेही तेच. ‘मी घरच्यांची खूप काळजी करते’ याला ‘नेहमी’ म्हणणारी बाई आजारी असेल असे नाही. तिच्या लेखी ते कर्तव्य आहे, ‘कधीच नाही’ म्हणणे तिला लाजिरवाणे वाटेल. ‘काळजीचे विचार थांबवता येत नाहीत’ असे लिहिले तर प्रश्न जागेवर येतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी मूळ चाचणीच्या हक्कधारकाची लेखी परवानगी, नाहीतर पुढचे सगळे वाया. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, त्यातला एक मानसशास्त्राबाहेरचा. मग दोन्ही समोर ठेवून एक मसुदा. उलट-भाषांतर मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून. त्यानंतर, जे बहुतेक प्रबंधांत गाळले जाते ते : आठदहा माणसांना एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि ‘यात काय विचारलंय असं तुम्हाला वाटतं?’ असे त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. त्यांत शहरातले, खेड्यातले, कमी शिकलेले असे सगळे हवेत. ‘छातीत धडधडतं’, ‘जीव घाबरा होतो’, ‘हातापायातलं बळ जातं’ असे शब्द तिथेच हाती लागतात. ते तसेच घ्या, पुस्तकी करू नका.

उत्तरांचे पर्यायही तपासा. ‘क्वचित’, ‘अधूनमधून’, ‘कधीकधी’, ‘बऱ्याचदा’ वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून वीस जणांना चढत्या क्रमाने लावायला द्या. ‘अधूनमधून’ आणि ‘कधीकधी’ यांची जागा लोक सर्रास अदलाबदल करतात. एक काढून टाका. नकारार्थी वाक्याला ‘कधीच नाही’ हा पर्याय जोडू नका. ‘मला झोप लागत नाही – कधीच नाही’ याचा अर्थ झोप लागते की लागत नाही, हे भरणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

मग प्रश्नामागे किमान पाच ते दहा माणसे धरून चाचणी घ्या. वीस प्रश्न असतील तर दोनशेच्या आसपास. अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचे माप) ०.७० च्या वर आला म्हणून थांबू नका. सगळे प्रश्न मिळून उदासीच मोजत असले तरी अल्फा छानच येतो. घटक विश्लेषण (कोणते प्रश्न एका गटात पडतात ते पाहण्याचे गणित) करून चिंतेचे प्रश्न एकत्र येतात का ते बघा, आणि त्याच लोकांना उदासीची दुसरी प्रश्नावलीही भरायला द्या. दोन्हींच्या गुणांत थोडा सहसंबंध येणारच. पण तो ०.८० च्या पुढे गेला, तर पहिल्यांदा ‘नर्व्हस’ असलेली वाक्ये शोधा.